लिंबसावळीस संध्याकाळ पुरवण्याबाबत

लिंबसावळी नगरपरिषदेचं संध्याकाळ पुरवठ्याचं कंत्राट मार्चअखेर संपलं, मुदतवाढीची फाईल वेळेत सही होऊन आली नाही, आणि एक एप्रिलपासून गावात दुपारनंतर थेट रात्र होऊ लागली.

यात नगरपरिषदेने काही जगावेगळं केलं होतं असं नाही. सकाळ, दुपार आणि रात्र राज्य शासनाकडे, संध्याकाळ मात्र स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, ही वाटणी जुनीच. गटारं, दिवाबत्ती, भटकी कुत्री आणि संध्याकाळ. लिंबसावळीत कित्येक वर्षं तात्या उंडे संध्याकाळ पुरवत. दुसरं कोणी निविदा भरतच नसे. तात्या भरत आणि तात्यांनाच मिळे. या सालच्या लेखापरीक्षणात नेमकं त्यावरच बोट ठेवलं गेलं. दरवर्षी एकच ठेकेदार कसा? झालं. मुख्याधिकारी सरनोबत साहेबांनी फाईल बाजूला ठेवली, आणि सरकारी टेबलावर बाजू म्हणजे काय असते हे ज्याने तिथे काही ठेवलं आहे त्यालाच ठाऊक.

गावाची मात्र पुरती त्रेधा उडाली. लख्ख ऊन पडलेलं असायचं, भाजीवाली मेथीवर पाणी मारत असायची, आणि फटकन अंधार. चहा कधी टाकायचा ते कळेना. भेळेची गाडी लागायची वेळच नाहीशी झाली. निवृत्त मंडळी फिरायला निघायची ती भिंती चाचपडत परत यायची. शाळेतून सुटलेल्या पोरांना खेळायला फट राहिली नाही, त्यामुळे ती घरात खेळू लागली आणि घराघरांतल्या काचा फुटू लागल्या. गाई माळावर उभ्याच राहायच्या. त्यांना घरी यायची वेळ कळायची नाही, आणि मालक बॅटरी घेऊन त्यांना शोधत फिरायचे.

या सगळ्यात सर्वांत जास्त कोंडी झाली ती भांडारपाल मंदाकिनी घोलप यांची. नगरपरिषदेत येणारी प्रत्येक वस्तू, टाचणीपासून अग्निशमन बंबापर्यंत, घोलपबाईंच्या सहीने आत यायची. निविदा काढणं त्यांचं काम, माल तपासणं त्यांचं काम. आणि त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, शलाकाचं, लग्न वैशाखात गावातल्याच कार्यालयात ठरलेलं होतं, मुहूर्त गोरज. म्हणजे गाई घरी परततात आणि त्यांच्या पायांची धूळ उन्हात तरंगते ती वेळ. पत्रिका छापून वाटूनही झाल्या होत्या.

एक दिवस विहीणबाईंचा, काळदाते काकूंचा, फोन आला. आवाज साखरेत घोळवलेला.

"विहीणबाई, ऐकलं ते खरं का? तुमच्याकडे संध्याकाळ होत नाही म्हणे."

"होईल हो. निविदा निघतेय."

"तसं आमचं काही म्हणणं नाही. पण आमच्या घरातलं एकूण एक लग्न गोरज मुहूर्तावर लागलंय. सासूबाईंचं, माझं, दोन्ही नणंदांचं. तेव्हा तुमची सोय होईपर्यंत आपण थांबू या. सोय झाली की कळवा, मग बघू."

त्या 'मग बघू'चा अर्थ घोलपबाईंना बरोबर कळला. ठरलेली लग्नं मोडतात ती भांडून नाही, याच दोन शब्दांनी मोडतात. शलाका शेजारीच बसून सगळं ऐकत होती. तिला मकरंद काळदाते मनापासून आवडला होता आणि ते लपवायच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती.

"आई, खरेदी तुझ्याच खात्याकडे आहे ना?"

"आहे."

"मग आण की गं एक संध्याकाळ. मी काय चंद्र मागतेय का?"

दुसऱ्या दिवशी बाई सरनोबत साहेबांपुढे उभ्या राहिल्या. सरनोबत वाईट माणूस नव्हता. फक्त नियम हा त्याला देवासारखा होता आणि देव काही त्याला पावत नव्हता. "काढा निविदा," ते म्हणाले, "पण स्पर्धा दिसली पाहिजे. सर्वांत कमी दर, त्याला काम. दुसरं काही बघायचं नाही."

आता नगरपरिषदेत निविदा कोणी लिहीत नाही. जुनी उघडायची, वस्तूचं नाव बदलायचं, की नवी तयार. एकदा मंजूर झालेल्या अटीला पुन्हा कोणी हात लावत नाही, कारण हात लावणाऱ्याला विचारतात की का लावला. संध्याकाळच्या जुन्या अटी शोधल्या तर दफ्तरात नव्हत्याच. त्या तात्या उंडे दरवर्षी घरूनच टाईप करून आणत, आणि निविदा मंजूर झाली की परत घेऊन जात. तेव्हा बाईंनी घाईघाईत हाताशी होती ती शेवटची निविदा उघडली. ती सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची होती. संगणकाला सांगितलं, जिथे खुर्ची आहे तिथे संध्याकाळ कर. संगणकाने केलं. साहेबांनी ती वाचली, तांत्रिक मान्यता दिली. सर्वसाधारण सभेने एकमताने मंजूर केली. कोणालाही काहीही वावगं वाटलं नाही.

काम बल्लू ढमढेरे याला गेलं. बल्लू नगरपरिषदेला ब्लीचिंग पावडर पुरवायचा, प्रजासत्ताक दिनाला झेंडे पुरवायचा, उन्हाळ्यात टँकर पुरवायचा. नुकसान सोसूनही दर खाली भरायचा आणि माल हुबेहूब निविदेत लिहिल्याप्रमाणे द्यायचा, एक काना इकडे नाही की मात्रा तिकडे नाही. त्याच्या टेम्पोतून माल उतरला तेव्हा घोलपबाईंचे डोळे पांढरे झाले.

संध्याकाळ समुद्री हिरव्या रंगाची होती. तिला टेकायला पाठ होती. दोन्ही बाजूंना हात होते. पायांना रबरी बूट होते, त्यामुळे ती फरशीवर ओरखडा न उमटवता आली. आणि एकावर एक रचता येण्याजोगी असल्यामुळे बल्लूने सबंध सालाचा पुरवठा एकाच दिवशी आणून गोदामात थप्पी लावली.

"ढमढेरे, हे काय आहे?"

"संध्याकाळ. तुमी लिवली तशी." बल्लूने निविदेवर बोट फिरवलं. "जाडजूड मानूस बसला तरी मोडनार न्हाई. बसून बघा."

सरनोबत साहेब खरोखरच टेकून बसले आणि पाठीला बरं वाटतं असा शेरा त्यांनी दिला. माल अटींप्रमाणे, म्हणून स्वीकारला गेला, आणि त्याच दिवसापासून लिंबसावळीत हिरवी संध्याकाळ पडू लागली.

लोकांनीही पहिले काही दिवस ती गोड मानून घेतली. काय करणार? टेकून बसता येत होतं ही गोष्ट वृद्धांना फारच आवडली. पण मोगऱ्याचा गजरा हिरवा दिसे, चहा हिरवा दिसे, आणि भेळवाला सांगून थकला की शेव ताजीच आहे. थप्पी उंच झाल्याने तळातल्या संध्याकाळी दबून चपट्या झाल्या. त्यातली एखादी वाट्याला आली की गावकऱ्यांना वाकून चालावं लागे. एकदा भर दुपारी थप्पीवरून एक संध्याकाळ निसटली आणि नेमकी मराठी शाळेवर पडली. पोरं टाळ्या पिटत घरी गेली. मुख्याध्यापकांनी त्या दिवसाचा अर्धा पगार कापायचा की नाही याचं मार्गदर्शन मागवलं.

गाई मात्र माळावरच.

घोलपबाई धर्माधिकारी गुरुजींना घेऊन वेशीवर गेल्या. गुरुजींनी उपरणं सावरलं, हिरव्या उजेडात नाक वर करून वास घेतला, संध्याकाळच्या हातावर टिचकी मारून पाहिली.

"मजबूत आहे," ते म्हणाले, "पण यात लग्न लागणार नाही. गाई कुठे आहेत? धूळ कुठे आहे? ही वेळच नाही हो, हे फर्निचर आहे."

बाई तडक कचेरीत. साहेबांनी निविदा काढून शांतपणे वाचली. "घोलपबाई, गोरज निविदेत नव्हती."

"संध्याकाळ म्हटली की ती आलीच ना साहेब!"

"निविदेत काहीही येतच नसतं. लिहावं लागतं." आणि मग जरा आवाज उतरवून, "आपण दोघांनीही सह्या केल्यात."

ते मात्र खरं होतं. बाईंना स्वतःचाच असा राग आला की त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. खुर्च्यांची निविदा! गाव हसत होतं, विहीणबाई बहुधा हसतही नव्हत्या, आणि शलाका रुखवताच्या करंज्यांना मुरड घालता घालता मध्येच थांबून खिडकीतून त्या हिरव्या उजेडाकडे बघत राहायची. लेक एक अक्षर उणं बोलली नाही, हे तर अगदीच सोसवेना.

शेवटी बाईंनी कधी कोणी केली नव्हती अशी गोष्ट केली. त्यांनी नवी निविदा काढायच्या आधी पुरवठादारांना खरोखरच बोलावलं. अशी बैठक नियमात होतीच. फक्त तिचं इतिवृत्त आधीच टाईप होऊन असायचं: कोणीही शंका उपस्थित केली नाही, चहापानानंतर बैठक संपली. यावेळी बाईंनी तो कागद आणलाच नाही, त्यामुळे बैठक सुरू कशी करायची हे कोणाला कळेना.

तात्या उंडे पांढऱ्या टोपीत ऐसपैस बसले होते. "शंका कसली? इतकी वर्षं देतोय. आमच्या अटी घ्या, आमचीच संध्याकाळ घ्या."

बल्लू ढमढेरे कोपऱ्यात चुळबुळत होता. "मला एक इचारायचंय. गावाला संध्याकाळ पायजे कशाला?"

सरनोबत साहेबांनी घसा साफ केला. "दुपार आणि रात्र यांच्यातील रिक्त जागा भरण्यासाठी."

"कशाला म्हणून काय विचारता?" घोलपबाई उसळल्या आणि मग थांबल्याच नाहीत. "दिवसभर दुकानात तोंड वाजवून आलेल्या माणसाने कट्ट्यावर दोन मिनिटं गप्प बसावं म्हणून पाहिजे. पोरांना हाका मारायला पाहिजे, आणि हाका मारूनही त्यांनी येऊ नये म्हणून पाहिजे. सासूने आणि सुनेने एकाच चहात बिस्कीट बुडवावं म्हणून पाहिजे. गाईंना घरी यावंसं वाटायला पाहिजे. माझ्या मुलीचं लग्न लागायला पाहिजे. उगाच काहीतरी आठवून जीव कासावीस व्हायला पाहिजे. रंग कुठलाही द्या, मला रंगाशी काय करायचंय!"

बल्लूने वही काढून भराभर लिहून घेतलं. "मॅडम, किती वर्सं या हापिसात माल घालतोय. केवढ्याला देतो, हे सगळ्यांनी इचारलं. कशाला पायजे, हे आज पैल्यांदा कोनी सांगितलं."

नवी निविदा एका पानात मावली. त्यात संध्याकाळची उंची, रंग, वजन काही नव्हतं. ती आली की गावात काय झालं पाहिजे तेवढंच होतं. सरनोबत साहेब ते पान बराच वेळ उलटसुलट करत राहिले. "हे मोजणार कसं?"

"गाईंवरून. त्या घरी आल्या तर संध्याकाळ खरी. गाईला टक्केवारी देता येत नाही साहेब."

साहेबांना हे पटलं, कारण गाईंच्या विरोधात आजवर लेखापरीक्षणाचा एकही आक्षेप नव्हता. दराचं पाकीट उघडण्याआधी प्रत्येकाने स्वखर्चाने एक संध्याकाळ करून दाखवायची असं ठरलं. बाईंनी तारीख घातली. साहेबांनी ती पाहिली.

"हीच तारीख का?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण बाई बोलून गेल्या, "कारण त्या दिवशी शलाकाचं लग्न आहे. दुसरी संध्याकाळ माझ्याकडे नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला समितीवर बसता येणार नाही. तुमचा हितसंबंध आहे. वापरणारा कोण? वधू. तर वधूला समितीवर घेतो, गुण ती देईल. चाचणी चालू असताना तुम्ही मांडवात पाऊल ठेवायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, माल वापरला की तो स्वीकारला असं धरतात. ज्या संध्याकाळी पहिली अक्षता पडेल, ती सालभर गावाची."

म्हणजे लेकीच्या लग्नाला आई बाहेर. बाईंनी ओठ आवळून मान हलवली. नाहीतरी मंगलाष्टकं चालू असताना वधूमायने तुळशीला पाणी घालत उभं राहायची त्यांच्याकडे पद्धत होतीच. नियम आणि रीत एवढे एकमेकांच्या गळ्यात पडलेले त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिले. विहीणबाईंना फोन करून त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "गोरज दोन मिळतील, पसंत पडेल ती घ्या." काळदाते काकू एवढ्या चकित झाल्या की हो म्हणून बसल्या.

लग्नाच्या दिवशी मांडव तुडुंब भरला. आंतरपाटाच्या एका बाजूला मकरंद, दुसऱ्या बाजूला हिरव्या शालूतली शलाका, तिच्या हातात हार आणि हाराखाली गुणपत्रक. शेजारी सरनोबत साहेब फेटा बांधून घड्याळ घेऊन. घोलपबाई कार्यालयामागच्या तुळशीपाशी, हातात तांब्या.

आधी तात्या उंडेंची संध्याकाळ लागली. बाईंनी पाण्याची धार धरली. उजेड थोडा मळकट झाला, एक वारा येऊन गेला, कावळे दोनदा ओरडले. तात्या दरवर्षी तिच्यातून थोडी थोडी छाटत आले होते, आणि रोज बघणाऱ्या गावाला ते कधी जाणवलंच नव्हतं. माळावरच्या गाई उठल्या, ओढ्यापर्यंत आल्या, तिथे थबकल्या आणि पाणी पिऊन परत गेल्या. आत गुरुजींनी 'स्वस्ति' म्हणायला तोंड उघडलं होतं ते शलाकाने मान हलवल्यावर मिटलं. बँडने अर्धी धून वाजवून टाकली होती, ती परत घेता येईना. लोक मुठीत अक्षता घेऊन घामेजले. तांब्या रिकामा झाला, तुळशीचा चिखल झाला, आणि बाहेर पुन्हा टळटळीत दुपार.

"झालं का लग्न?" बाईंनी मागच्या दारातून ओरडून विचारलं.

"मूल्यमापन चालू आहे," आतून साहेबांचा आवाज आला. "कृपया दारापासून दूर व्हा."

विहीणबाई मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, सूर कळला. बाईंनी तांब्या पुन्हा भरून घेतला. मनात म्हणाल्या, बल्ल्या, आज तुझ्या टेम्पोतून काही वेडंवाकडं उतरलं तर मी इथेच या चिखलात बसेन.

टेम्पो आला. बल्लूने ताडपत्रीची एक गाठ सोडली, मग दुसरी, आणि सावकाश कडेने उलगडत नेल्यासारखी संध्याकाळ गावावर सोडली.

पहिल्यांदा ऊन तिरपं होऊन भिंतींवर चढलं. कुठेतरी कुणीतरी अंगणात पाणी शिंपडलं आणि ओल्या मातीचा वास आला. चुलीचा धूर, दुरून पोराला मारलेली हाक, त्या पोराचं "आलो, आलो" आणि न येणं. बाईंना एकाएकी, काही कारण नसताना, शलाका एवढीशी असतानाचे तिचे एकच चप्पल घातलेले पाय दिसले. मग मागच्या रस्त्याने धूळ उठली. सोन्यासारखी, नाकात जाणारी, शिंक आणणारी खरी धूळ, आणि तिच्यातून गाई आल्या. एक पांढरी तर तुळशीपाशी थांबून बाईंच्या पदराला तोंड लावून पुढे गेली.

आतून शलाकाचा आवाज आला, "गुरुजी, हीच." आणि लगेच गुरुजींचं, "सावधान!"

घोलपबाईंनी पाणी घातलं आणि त्या हमसून हमसून रडल्या, अगदी मनसोक्त. टाळ्यांचा, अक्षतांचा, बँडचा एकच गदारोळ उठला. काही वेळाने सरनोबत साहेब मागच्या दारात आले. फेट्यावर तांदूळ अडकलेले, डोळे लाल. "धूळ गेली," ते म्हणाले. "स्वीकारली. काळदाते काकूही रडताहेत. त्यांनी तुम्हाला बोलावलंय, जेवायची पंगत तुमच्यासाठी अडली आहे."

पुढे जेवणं झाली, उखाणे झाले, ओटी भरली. बल्लूची संध्याकाळ भरघोस होती, ती सगळ्याला पुरली. पण पाठवणीची गाडी दारात लागली तेव्हा उजेड विरू लागला होता. शलाका आईच्या गळ्यात पडली. त्या दोघींचं बोलून झालेलं होतं. गाडी निघाली आणि नदीकडच्या लांबलचक रस्त्याला लागली.

बल्लू अदबीने जवळ आला. "मॅडम, वेळ झाली. उतरवू का?"

घोलपबाई रस्त्याकडे बघत होत्या. गाडी अजून दिसत होती. "निविदेत किती वेळ लिहिलाय?" त्यांनी विचारलं.

"लिहिलेलाच नाही," सरनोबत साहेब म्हणाले. "काय झालं पाहिजे एवढंच आहे. ते झालं का?"

"नाही अजून."

"मग राहू द्या," साहेब बल्लूला म्हणाले.

बल्लूने दोन्ही हातांनी ताडपत्रीची कड धरून ठेवली. गाडी पुलावरून गेली, वळणावर गेली, वडाच्या मागे लहान झाली, मग नुसता तिचा धुरळा उरला आणि मग तोही बसला. तोवर रात्र येऊन पोहोचली होती. ती राज्य शासनाची असल्यामुळे तिला नगरपरिषदेच्या हद्दीत मध्येच शिरता येईना. ती वेशीबाहेर निमूट उभी राहिली, आणि घोलपबाईंनी डोळे पुसून मान हलवली तेव्हा आत आली.